तुम्ही विचारलंत म्हणून: ठाण्या-मुंबईत वसंत कळतो तरी कसा?

फेब्रुवारी लागला की हा प्रश्न मला हमखास येतो. कधी सोसायटीच्या ग्रुपवर, कधी ऑफिसात डबा खाताना, आणि न्यू जर्सीतली भाची तर दर वर्षी तिकडच्या चेरीचे फोटो पाठवून खाली लिहितेच, "मावशी, तुमच्याकडे स्प्रिंग असतो का गं, की डायरेक्ट उन्हाळाच?" मी ठाण्यात राहते, सकाळी येऊरच्या जंगलाच्या बाजूला फिरायला जाते आणि झाडापाखरांचे फोटो उगाच सगळ्यांना पाठवत सुटते, त्यामुळे हे खातं आपोआप माझ्याकडे आलंय. तर एकदाच नीट लिहून टाकते, पुढच्या वर्षी हेच फॉरवर्ड करीन.

असतो. चांगला दीड-दोन महिने असतो. फक्त तो कॅलेंडरात शोधू नका, तिथे सापडत नाही. वसंत पंचमी २०२३ मधे २६ जानेवारीला आली होती, आपण तेव्हा अंगावर शाल घेऊन बसलो होतो. पाडवा त्या वर्षी २२ मार्चला, मग मधे अधिक श्रावण पडला आणि २०२४ चा पाडवा थेट ९ एप्रिलला. आता झाडांना काय अधिक महिना कळतो? त्या पाडव्याला आपण गुढी उभारेपर्यंत येऊरचा पळस फुलून गळून मोकळा झाला होता. त्यातल्या त्यात भरवसा ठेवायचा तर होळीवर ठेवा, होळी जळाली थंडी पळाली म्हणतात ते बऱ्यापैकी जमतं, पण तीही कधी मार्चच्या सुरुवातीला तर कधी शेवटी, म्हणजे तिथेही तेच.

आमच्याकडे वसंताची सुरुवात कचऱ्याने होते. खरंच. प्रत्येक सोसायटीत एक तरी देशी बदाम असतोच, त्याची ती ताटाएवढी पानं जानेवारीच्या शेवटाला लालभडक होतात आणि मग आठवडाभर नुसती पडतच राहतात, झाडणाऱ्या मावशी एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला जाईपर्यंत मागे परत तेवढीच. पंचांगाप्रमाणे हा शिशिर, मान्य. पण वर फांद्यांच्या टोकांना बघाल तर नवीन कोंब उभे राहिलेले असतात, जुनं पान पडायला आणि नवं यायला मधे फार दिवस जातच नाहीत. रस्त्याकडेच्या त्या मोठ्ठ्या पर्जन्यवृक्षांचंही तेच. लोक म्हणतात झाडं वाळली, आणि पंधरा दिवसांनी त्याच झाडाखाली गाडी लावायला भांडतात.

दुसरी खूण सांगितली की सगळे हसतात, पण सांगतेच. घाण वास. जंगली बदाम म्हणून एक उंच झाड आहे, मुंबईत जुन्या रस्त्यांवर आणि बागांतून बरंच लावलेलं, फेब्रुवारी-मार्चमधे निष्पर्ण फांद्यांवर मळकट लाल बारकी फुलं येतात आणि त्यांना जो काही वास येतो तो म्हणजे ड्रेनेज तुंबल्याचा. आमच्या ऑफिसच्या मागे एक आहे. दर वर्षी कोणीतरी प्लंबरला फोन करतं, तो येतो, चेंबर उघडून बघतो, काही नाही म्हणतो, व्हिजिटचे पैसे घेतो. मी आधी सांगून पाहिलं, ऐकत नाहीत. हा वास माणसांसाठी नाहीच, तो माश्यांना बोलवायला आहे, आणि माश्या येतात. नंतर याच झाडाला लाल, जाड सालीची बोंडं लागतात, उकलली की आत काळ्या बिया, ती दिसायला इतकी देखणी की त्या वासाचं हे फळ आहे यावर विश्वास बसू नये.

आता खरं काय ते. सावर आणि पळस. सावर म्हणजे काटेसावर, शाल्मली, कोणी शेवरही म्हणतं. येऊर म्हणजे बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानाचीच ठाण्याकडची बाजू, शंभरावर चौरस किलोमीटर जंगल शहराला चिकटून आहे आणि आपण वीकेंडला मॉलमधे जातो (असो). तिथे रस्त्याच्या वळणावर एक जुनी सावर आहे, खोडावरचे काटे वयाप्रमाणे बोथट होऊन गेलेत, पण वरच्या फांद्यांवर अजून आहेत. एकही पान नाही आणि वर सगळीकडे लाल फुलं. ही सावर तुम्हाला दिसायच्या आधी ऐकू येते, कारण फूल असं तरंगत वगैरे पडत नाही, धप्पकन पडतं. उचलून बघा एखादं. हाताला वजन लागतं. पाच जाड मांसल पाकळ्या, बाहेरून बारीक लव, आतून तुकतुकीत, मधे पुंकेसरांचे झुबके आणि तळाशी चिकट गोड पाणी. त्या पाण्यासाठी वर नुसता गोंधळ चाललेला असतो, बुलबुल, साळुंक्या, कोतवाल, पोपट, कावळेसुद्धा, खारी, माकडं, आणि मधूनच गुलाबी अंगाच्या काळ्या डोक्याच्या पळसमैना, म्हणजे भोरड्या. त्या थंडीभर आपल्याकडे पाहुण्या असतात आणि एप्रिलमधे मध्य आशियाकडे परततात, तर निघायच्या आधी हा मध पोटभर पिऊन घेतात. खाली पडलेली फुलं चितळ खातात. एका झाडावर वरचा मजला पाखरांचा, तळमजला हरणांचा.

पळस सावरीच्या थोडा पुढे-मागे. त्याचे फोटो सगळे लांबून काढतात, डोंगराला आग लागली वगैरे कॅप्शन टाकून, मला ते कॅप्शन अगदी नको झालंय. पळस जवळून बघायचा असतो. कळी ज्या कोशात असते तो काळपट तपकिरी आणि मखमली, बोट फिरवून बघा, आणि त्यातून ते केशरी फूल वाकडं होऊन बाहेर येतं. तो काळा कोश नसता तर केशरी रंग इतका उठलाच नसता असं माझं मत आहे. पूर्वी रंगपंचमीला ही फुलं रात्रभर पाण्यात भिजवून रंग करायचे, अजूनही काही घरी करतात, पिवळा-केशरी होतो, आणि मुख्य म्हणजे आंघोळीला जातो. मात्र करायचाच असेल तर खाली पडलेली वेचा, झाडाची ओरबाडू नका, वर गिऱ्हाइकं बसलेली असतात.

इथे कोणीतरी विचारतंच, की मग ते विक्रोळीचं गुलाबी? हो, ईस्टर्न एक्सप्रेस हायवेला विक्रोळीपाशी फेब्रुवारी-मार्चमधे जी गुलाबी झाडं फुलतात आणि ज्यांच्यासाठी लोक भर हायवेवर गाड्या स्लो करतात, ती टॅबेबुया. चेरी नव्हे, चेरीशी काही नातं नाही, हे भाचीलाही तीनदा सांगून झालंय. मूळचं मध्य अमेरिकेतलं झाड, इकडे कोणी बसंत रानीही म्हणतं. सुंदरच दिसतं, मला त्याच्याशी काही वैर नाही. पण तुम्ही खूण विचारलीत ना, तर ज्या झाडावर पाखरांची भांडणं चालू आहेत ते झाड मी आधी दाखवेन.

मार्च अर्धा सरला की फुलांकडून पानांकडे यायचं. कुसुंब बघितलाय? त्याची नवी पालवी लालबुंद असते, झाडच्या झाड लाल, लांबून सगळ्यांना फुलंच वाटतात. पिंपळाची तांबूस गुलाबी, आणि पिंपळ बघायला येऊरला जायचीही गरज नाही, जुन्या इमारतीच्या गच्चीच्या भेगेत, स्टेशनच्या भिंतीत, कुठेही असतो. कोवळं पान हिरवं न होता आधी लाल का, तर त्यात अँथोसायनिन नावाचं रंगद्रव्य असतं, कडक उन्हापासून ते पानाला सांभाळतं असं सांगतात. हिरवेपणा मागून येतो. सकाळी आठच्या उन्हात पिंपळाच्या खालून वर बघा, दोन मिनिटं ट्रेन चुकली तरी चालेल. करवंदीच्या जाळीवरही याच सुमाराला पांढरी बारीक फुलं येतात, ती दिसत नाहीत पण वळणावर एकदम वास येतो, आणि मग तुम्ही मे महिन्याचा हिशेब करायला लागता.

आवाजांचं म्हणाल तर सगळ्यांना कोकीळच आठवतो. त्याचं कौतुक मी कमीच करते. आमच्या इथला नर पहाटे साडेतीनला हॅलोजनच्या उजेडात सुरू होतो आणि एकेक सूर चढवत नेतो, शेवटी तुम्हालाच टेन्शन येतं की आता याचं काय होणार. पहाटेच गाणारं कोणी हवं तर दयाळ ऐका, काळापांढरा, शेपटी वर, थंडीभर जवळपास गप्प असतो आणि मार्चमधे तारेवर बसून असं काही गातो की कोकिळाने शिकवणी लावावी.

माझी लाडकी खूण मात्र तांबट. चिमणीपेक्षा थोडा मोठा, हिरवा, कपाळावर आणि छातीवर लाल, गळा पिवळा. आवाज टुक, टुक, टुक, टुक, मिनिटाला शंभरावर ठोके, आणि तेही भर दुपारी, जेव्हा बाकी सगळी पाखरं गप्प. तांब्याच्या भांड्यावर ठोके घालतात तसा आवाज म्हणून तांबट, पुण्यातल्या तांबट आळीतून चालत गेलेल्यांना वेगळं सांगायला नको. गंमत अशी की तो दिसत नाही. आवाज डावीकडून येतोय म्हणावं तर तो उजवीकडे, कारण ठोके देताना तो मान फिरवत असतो. मला तो पहिल्यांदा नीट दिसला तो समोरच्या शेवग्याच्या शेंड्यावर, दुर्बिणीतून, आणि तेव्हा कळलं की चोच चक्क बंद आहे, प्रत्येक ठोक्याला फक्त गळ्याची कातडी फुगते आणि बसते, फुगते आणि बसते. फेब्रुवारीत दुपारी दोनच्या सुमाराला, समुद्रावरचा वारा उशिरा सुटलाय, पारा पस्तिशीला टेकलाय, आणि हा ठोके देतोय, की मी समजते, आला.

आता खरा प्रश्न, जो कोणी विचारत नाही पण विचारायला हवा. इतक्या कोरड्यात झाडांना हे सुचतं कसं? पाऊस जाऊन चार-पाच महिने झाले, पुढचा अजून तीन-चार महिने नाही, आणि हे फुलतायत, पालवी फोडतायत. भाचीकडचा स्प्रिंग कळायला सोपा आहे, बर्फ संपला, आता मोकळं झालं. आपल्याकडचा वसंत मागचं काही संपलं म्हणून येत नाही, तो पुढचं गाठायचं म्हणून येतो. मुंबईत मान्सूनची सरासरी तारीख हवामान खात्याने ११ जून धरलीय, तिथून उलट मोजत या. पळसाची चपटी हलकी शेंग, टोकाला एकच बी, ती मे-जूनच्या वाऱ्यावर उडून पहिल्या पावसाच्या आधी जमिनीवर असायला हवी, म्हणजे फूल फेब्रुवारी-मार्चमधेच यायला हवं. सावरीचा कापूस एप्रिल-मेमधे उडतो, त्याचंही तेच. पानं आधीच टाकून दिली की पाणी वाचतं, आणि फुलं उघड्या फांदीवर असली की पाखरांना लांबून दिसतात. आणि पाऊस सुरू झाल्यावर किडे-अळ्यांचा जो सुळसुळाट होतो त्याच्या आत पानं निबर झालेली बरी. म्हणजे आपण ज्याला उन्हाळ्याची सुरुवात म्हणून कपाळाला आठ्या घालतो तो झाडांच्या लेखी पावसाच्या तयारीचा सीझन आहे, आपली पापडकुरडयांची गडबड चालू असते तेव्हा त्यांचीही चालूच असते.

कावळेही याच हिशेबात. एप्रिलपासून ते काड्या, तारा, हँगर गोळा करायला लागतात, आणि गावाकडे अजून बघतात की घरटं कुठे बांधलंय, आंब्यावर-करंजावर बांधलं तर पाऊस चांगला, बाभळीसारख्या काटेरी झाडावर बांधलं तर ओढ देणार. खरं-खोटं कावळ्याला माहीत, पण वरती बघायची सवय लागते हे काय कमी आहे. आणि कोकिळेला अंडी घालायला तेच घरटं हवं असतं, म्हणून तो साडेतीनचा दंगा.

बघायचं असेल तर फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यापासून मार्च संपेपर्यंत, सकाळी सातच्या आत येऊर गाठा, नऊनंतर पाखरंही कंटाळतात आणि तुम्हीही. जमत नसेल तर खिडकी उघडी ठेवा, दुपारी दोन मिनिटं एसी बंद करून ऐका, तांबट शहरात भरपूर आहेत, वड-पिंपळ-उंबराची फळं मिळाली की त्यांचं भागतं.

एक विनंती आहे ती मात्र सीरियसली घ्या. तांबट घरटं करतो ते वाळक्या, मऊ पडलेल्या फांदीत, स्वतः चोचीने भोक कोरून, त्याला जिवंत लाकूड कोरता येत नाही. आणि आपल्या सोसायट्यांची पावसाळ्यापूर्वीची छाटणी नेमकी याच महिन्यांत निघते, पहिली जाते ती वाळकी फांदी, आत पिल्लं असली तरी. पडून कोणाला लागेल अशी फांदी काढायलाच हवी, त्यात वाद नाही. पण महाराष्ट्रात शहरातली झाडं तोडा-छाटायला १९७५ चा कायदा आहे, परवानगी लागते, आणि परवानगीचा अर्ज भरायच्या आधी कमिटीतल्या एकाने खाली उभं राहून वर बघितलं, फांदीच्या खालच्या बाजूला रुपयाएवढं गोल भोक दिसतंय का, तर काही बिघडत नाही. दिसलं तर ती एक फांदी महिनाभर थांबवा, बाकीची छाटा. आमच्या कमिटीला मी हे तोंडी सांगितलं तर लेखी द्या म्हणाले, म्हणून लेखी दिलंय, सोबत फोटो जोडून, आणि फोटोत भोकातून डोकं बाहेर काढलेला तांबट आहे.