वेलची केळ्यात बी नाही म्हणजे ते जीएम का?

मी कुडाळच्या बाजूला एका टिश्यू कल्चर नर्सरीत आहे, केळीची रोपं तयार करायची आणि वर्षभर लोकांच्या शंका ऐकायच्या. पावसाच्या तोंडावर डिलिव्हरीची नुसती झुंबड असते, त्यातच वेंगुर्ल्याकडच्या एक काकी आणि त्यांचा मुलगा टेम्पो घेऊन आले. वेलची केळीची रोपं बुक केलेली, अ‍ॅडव्हान्स दिलेला, आणि मुलगा म्हणतो कॅन्सल करा. का, तर कुठल्यातरी व्हिडिओत बघितलं की टिश्यू कल्चर म्हणजे जीएम, बाहेरून जीन घालून बदललेलं, म्हणून तर त्या केळ्यात बी नसतं.

काकीच त्याच्यावर ओरडल्या, "माझ्या आजयेच्या येळाक खय होता रे बी?"

बरोबरच आहे. वेलची हा दोन जंगली जातींचा जुना संकर, बी न धरणारा, पिढ्यान् पिढ्या मुनव्यांवरच, म्हणजे बुंध्याशी फुटणाऱ्या पिलांवरच चाललेला. मी दोघांना लॅबच्या काचेपाशी नेलं. आत आमची मुलगी मुनव्याचा कंद सोलत होती, थरावर थर काढत आत जायचं, शेवटी बोटाच्या पेराएवढा पांढरा गाभा उरतो, तो बाटलीत जेलीवर ठेवायचा, बाजूने कोंब फुटले की कापून परत दुसऱ्या बाटलीत. यात जीन घालायचा प्रश्नच येत नाही.

"मग जीएम केळं नसतंच?" मुलगा. असतं की, ऑस्ट्रेलियात २०२४ ला परवानगी मिळाली, कॅव्हेंडिश नावाच्या केळीत जंगली केळीतला जीन घातलाय, पनामा नावाच्या मर रोगाला तोंड देण्यासाठी. आपल्याकडे शेतात जीएम म्हणजे २००२ पासूनचा बीटी कापूस, अळीला मारणारा जीन घातलेला. तसंच बीटी वांगं २०१० ला सरकारने अडवलं ते अडलंच.

आणि असा जीन घालणं सोपं नाही हो. मी आधी घाटावर लसणावर काम केलंय. कपाशीत एकदा जीन बसला की संकर करून दुसऱ्या वाणात नेता येतो, लसूण पाकळीतूनच लावायचा, बी धरतच नाही, म्हणजे प्रत्येक वाणाला पहिल्यापासून सगळं, पेशींचा गोळा वाढवा, पेशीत जीन नेणारे अ‍ॅग्रोबॅक्टेरियम जिवाणू सोडा, असंख्य पेशींतून एखादी जीन घेणार आणि तिचं रोप होईलच याची गॅरंटी नाही. त्यात लसणाचा जीनोम, म्हणजे सगळा डीएनए, माणसाच्या पाचपट. आहे तोच जीन कापून बदलायचं क्रिस्पर तंत्र, त्याचंही तेच, जीन कापायला आत घातलेली कात्री भातात पुढच्या पिढीत वेगळी काढता येते कारण बी असतं, लसणात पुढची पिढी म्हणजे परत तेच झाड, काढणार कशी?

मुलगा मान डोलवत होता, किती कळलं देव जाणे. काकी मात्र कधीच शेडनेटमध्ये जाऊन ट्रे बघत होत्या. एक रोप उचलून आणलं, पान अरुंद, जाड, त्यावर फिकट पट्टे.

"ह्या येगळा दिसता."

ऑफ टाइप, म्हणजे मूळ वाणापेक्षा वेगळं निघालेलं रोप. बाटलीत कोंब फार वेळा वाढवले की एखादं असं निघतं, आम्ही बाजूला काढून फेकतो.

"हेका कोणी बदलल्यान?"

कोणीच नाही, म्हटलं, आपोआप.

"म्हणजे तुम्ही बदलूक गेलास तर बदलणा नाय, आणि नाय गेलास तर आपसूक बदलता!"

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, एवढं नेमकं तर आमच्या सेमिनारमध्येही कोणी बोललं नव्हतं. मुलाला लेटरहेडवर 'रोपं जीएम नाहीत' असं लिहून सही-शिक्का दिला तेव्हा कुठे टेम्पो भरला. काकींनी प्रत्येक ट्रे तपासूनच चढवू दिला. ते पट्ट्यांचं रोप देत नाही म्हणून मी दोनदा सांगितलं, तरी पिशवीत घालून नेलंनच, परसात लावणार म्हणे, वर त्याचे पैसेही दिले नाहीत.