अ‍ॅम्प घेतला म्हणजे बेस वाढेल का?

गणपती बुडाले की हा प्रश्न ठरलेला. शब्दसुद्धा तेच असतात: "डॉल्बीसारखा दणका बसेल असा हेडफोन सांगा, आणि सोबत अ‍ॅम्प घ्यावा लागेल का तेही सांगा." अ‍ॅम्प म्हणजे हेडफोनला जास्त ताकद पुरवणारी डबी. आणि सांगलीत डॉल्बी म्हणजे ट्रॉलीवर रचलेली स्पीकरची भिंत, त्या नावाची कंपनी आहे हे निम्म्या लोकांच्या गावीही नसतं.

तर तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. तो दणका हेडफोनमधून मिळणार नाही. १८ इंची स्पीकरने ढकललेली हवा छातीवर आणि पोटावर आदळते. हेडफोनचा पडदा असतो ४०-५० मिलिमीटरचा आणि तो फक्त कानाच्या वाटीतली चिमूटभर हवा हलवतो, छातीला त्याचा पत्ताच लागत नाही. कानाला मात्र मिरवणुकीपेक्षा खोल बेस मिळू शकतो. मिरवणुकीतल्या बहुतेक पेट्या ४० हर्ट्झच्या खाली दमतात (हर्ट्झचा आकडा जितका लहान, तितका सूर खालचा); बरा बंद पाठीचा हेडफोन कानावर नीट बसला तर ३० हर्ट्झ आरामात ऐकवतो.

म्हणून आधी एवढं ठरवा, तुम्हाला कुठला बेस हवा आहे? धनगरी ढोल, डीजेचे रिमिक्स यांचा ठोका साधारण ६० ते १२० हर्ट्झच्या पट्ट्यात जाणवतो. हिपहॉप आणि ट्रॅपमधला लांब घुमणारा ८०८, म्हणजे ड्रम मशीनचा खोल ठोका, मात्र ३० ते ६० मध्ये रेंगाळतो. पहिल्याची आवड असलेल्याला दुसऱ्या जातीचा हेडफोन दिला तर तो म्हणतो "यात दम नाही", आणि उलट केलं तर म्हणतो "नुसतं धबधब वाजतंय". दोघांचंही खरं असतं.

आता सगळ्यात महत्त्वाचं. बेस अ‍ॅम्पमध्ये नसतो, गादी कानाभोवती किती घट्ट बसते त्यात असतो. सायकलच्या पंपाचा वायसर गेला की दांडा कितीही मारा, हवा भरत नाही. इथे तेच होतं. पडदा हवा दाबतो, गादीच्या फटीतून ती निसटते, आणि जितका सूर खालचा तितकी निसटायला सवड जास्त. मधले आणि वरचे सूर जसेच्या तसे राहतात, १०० हर्ट्झच्या खालचं मात्र १० डेसिबलनेसुद्धा पडू शकतं. चष्म्याची काडी गादीखालून जाते तिथे फट राहते; जाड काडी असेल तर जास्त. केसांची बट, कानातली मोठी रिंग, हेल्मेटखाली घालायची टोपी, सगळ्यांचा परिणाम तोच. दुकानात हेडफोन घालून बेसचं गाणं लावा आणि दोन्ही तळहातांनी वाट्या हलकेच आत दाबा. दाबल्यावर बेस भसकन वाढला, तर तो हेडफोन तुमच्या डोक्यावर बसत नाही. दुसरा बघा. त्याच हेडफोनला महागडा अ‍ॅम्प जोडून काही होत नाही.

गाद्यांचं आणखी एक. सांगलीच्या एप्रिल-मेमध्ये रेक्झिनच्या गाद्या घामाने भिजतात आणि वर्ष-दोन वर्षांत त्यांचे पापुद्रे सुटतात. मग लोक हवेशीर म्हणून मखमली गाद्या बसवतात आणि बेस गेला म्हणून हळहळतात. मखमलीतून हवा झिरपते, बेस कमी होणारच. मुळात मखमली गादी धरूनच घडवलेला हेडफोन असेल, जसा बायरडायनॅमिकचा डीटी ७७० प्रो, तर गोष्ट वेगळी. गादी बदलायची झाली तर मूळ जाडीची आणि त्याच जातीची घ्या. पातळ गादीने कान पडद्याजवळ येतो, जाडीने लांब जातो, आणि दोन्हीत आवाजाचा तोल बदलतो.

उघड्या पाठीचे हेडफोन, म्हणजे ज्यांच्या वाटीला जाळी असते, ते बेसच्या भक्ताने शक्यतो टाळावेत. झेनहायझरचा एचडी ६०० १९९७ पासून नावाजलेला आहे, गायकाचा गळा त्यात फार सुंदर येतो, पण अगदी खालचा बेस त्यात उतरता आहे आणि अ‍ॅम्पने तो चढत नाही.

कानात खुपसायच्या इअरफोनला हा प्रश्न सोपा. खोक्यात तीन मापांचे टिप येतात. बहुतेक लोक बसवून आलेलाच मधला वापरतात. दोन्ही कानांना वेगळं माप लागू शकतं. टिप नीट बसला की स्वतःचं बोलणं डोक्यात घुमल्यासारखं येतं. ते आलं नाही तर मोठा टिप किंवा फोमचा टिप लावा. शेकडा नव्वद "बेस नाही"च्या तक्रारी इथेच मिटाव्यात, असं माझं मत.

खोक्यावरचे आकडे वाचताना "२० ते २०,००० हर्ट्झ" हे सरळ सोडून द्या. किती डेसिबलच्या फरकात, हे लिहिलेलं नसेल तर त्या ओळीला अर्थ नाही. ५० मिलिमीटरचा ड्रायव्हर (पडदा) म्हणजे जास्त बेस, हेही खरं नाही. बघायचे दोनच आकडे: इम्पिडन्स, म्हणजे विजेला होणारा अडथळा, जो ओहममध्ये मोजतात, आणि सेन्सिटिव्हिटी, म्हणजे ठरावीक विजेवर किती आवाज निघतो. सेन्सिटिव्हिटी कुणी दर मिलिवॉटला सांगतं, कुणी दर व्होल्टला. ते न बघता दोन हेडफोनची तुलना करू नका. ३२ ओहमच्या हेडफोनला मिलिवॉटच्या आकड्यात १५ मिळवले की व्होल्टचा आकडा येतो, ८० ओहमला ११, २५० ओहमला ६.

अ‍ॅम्प लागतो का, ते इथे कळतं. डीटी ७७० प्रो हाच घेऊ, कारण तो ३२, ८० आणि २५० ओहम अशा तीन जातींत मिळतो आणि सेन्सिटिव्हिटी ९६ डेसिबल दर मिलिवॉट अशी दिलेली असते. गाण्यातला कडक ठोका क्षणभर ११० डेसिबलला न्यायचा, तर तिघांनाही २५ मिलिवॉट लागतात. पण त्यासाठी ३२ ओहमला ०.९ व्होल्ट पुरतो, ८० ला १.४ लागतात, २५० ला थेट २.५. फोनचं होल किंवा टाइप-सीचा छोटा डोंगल (हेडफोनची पिन लावायचा जोड) साधारण अर्धा ते १ व्होल्ट देतो. म्हणजे १ व्होल्टवर ३२ ओहमवाला १११ पर्यंत जातो, ८० वाला १०७ ला थांबतो, २५० वाला १०२ ला. फोनवर ऐकणार असाल तर ३२ ओहम घ्या आणि अ‍ॅम्पचे पैसे वाचवा. "जास्त ओहम म्हणजे जास्त भारी" या समजुतीने २५० वाला घेऊन फोनला लावणारे बरेच आहेत. त्यांना आवाज येतो, पण पट्टी शेवटपर्यंत सरकवूनही मन भरत नाही, आणि मग ते बेस नाही म्हणतात.

त्यांचं म्हणणं तसं चुकीचं नाही. आवाज कमी असला की माणसाच्या कानाला खालचे सूर सगळ्यात आधी कमी वाटतात. अ‍ॅम्प लावून आवाज वाढला की बेसही वाढल्यासारखा वाटतो तो त्यामुळे. दोन्हीकडे आवाज बरोबर सारखा ठेवून ऐकलं तर बरा डोंगल आणि बरा अ‍ॅम्प यांत बेसचा फरक जवळजवळ उरत नाही.

जवळजवळ म्हटलं, कारण एक अपवाद आहे. प्रत्येक अ‍ॅम्पच्या आउटपुटला स्वतःचा थोडा इम्पिडन्स असतो. साध्या पडद्याच्या हेडफोनचा इम्पिडन्स बेसच्या एका ठिकाणी उसळतो. खोक्यावर ३२ लिहिलेला तिथे ६० सुद्धा होतो. अशा हेडफोनला जुन्या मिक्सरचं १०० ओहमचं होल मिळालं, तर त्या ठिकाणचा बेस बाकीच्यापेक्षा पावणेचार डेसिबलने फुगतो. ऐकणारा म्हणतो, वा, काय बेस आहे. पण तो एकाच सुराभोवतीचा फुगवटा असतो, ठोका संपल्यावरही पडदा नीट आवरला जात नाही आणि ढोल ओल्या पोत्यावर मारल्यासारखा वाजतो. नियम सोपा आहे: अ‍ॅम्पचा आउटपुट इम्पिडन्स हेडफोनच्या आठव्या हिश्श्यापेक्षा कमी हवा. ३२ ओहमला ४ च्या आत.

मग बेसवाल्याने अ‍ॅम्प घ्यायचाच नाही का? घ्यायचा, पण इक्वलायझर वापरत असाल तेव्हा. बेस वाढवायचा खरा आणि फुकटचा मार्ग तोच आहे. अँड्रॉइडवर पॉवरअँप इक्वलायझर, विंडोजवर इक्वलायझर एपीओ. खोल बेस हवा असेल तर १०५ हर्ट्झला लो शेल्फ (त्याखालचं सगळं उचलणारा फिल्टर), क्यू (फिल्टर किती धारदार ते) ०.७, वाढ ५ ते ६ डेसिबल. ढोलाचा ठोका हवा असेल तर शेल्फ ऐवजी ८० हर्ट्झला पीक फिल्टर (तेवढाच पट्टा उचलणारा), क्यू १, वाढ ४. आणि हे लावताना प्रीअ‍ॅम्प उणे ६ करायचा, म्हणजे एकूण आवाज ६ डेसिबलने खाली घ्यायचा, विसरायचं नाही. आजची गाणी आधीच काठोकाठ भरलेली असतात. जागा न करता बेस वाढवला तर ठोक्याची टोकं कापली जातात आणि आवाज फाटतो. लोक मग हेडफोन फाटला समजतात.

उणे ६ केल्याने एकूण आवाज खाली येतो, तो भरून काढायला दुप्पट व्होल्ट म्हणजे चौपट ताकद लागते. फोनच्या होलाला ती नसते. अ‍ॅम्पचं काम हे. घेताना "१ वॉट" असं मोठ्या अक्षरात लिहिलेलं बघून घेऊ नका, किती ओहमला ते बघा. ३२ ओहमला भरपूर देणारा खिशातला अ‍ॅम्प ३०० ला अगदीच थोडं देऊ शकतो. सपाट पडद्याचे, म्हणजे प्लॅनर हेडफोन उलट्या बाजूने अवघड असतात: ओहम कमी, पण सेन्सिटिव्हिटीही कमी. ३२ ओहम आणि दर मिलिवॉटला ९१ डेसिबलच्या प्लॅनरला तेच ११० गाठायला ८० मिलिवॉटच्या आसपास लागतात. उलट नाजूक इअरफोनला ताकदवान अ‍ॅम्प लावला तर गाणं थांबल्यावर मागे सूं-सूं ऐकू येतं. गेनचं, म्हणजे आवाज किती पट वाढवायचा त्याचं, बटण खालच्या खुणेवर ठेवा.

ब्लूटूथ हेडफोनला बाहेरचा अ‍ॅम्प लावायचा विचारच सोडा. अ‍ॅम्प त्याच्या पोटातच आहे.

सांगली-स्वारगेट एसटीत ऐकणाऱ्यांसाठी वेगळं सांगतो. इंजिनाची घरघर नेमकी बेसच्याच पट्ट्यात असते आणि बेस गिळते. गादीच्या जाडीने वरचे आवाज अडतात, ही घरघर अडत नाही. तिच्यावर नॉइज कॅन्सलिंगचाच (बाहेरचा आवाज उलट आवाजाने मारण्याचाच) इलाज, कारण ते खालच्या सुरांवरच सर्वांत चांगलं चालतं. ते नसलं की लोक आवाज वाढवत सुटतात. ८५ डेसिबल रोज ८ तासांपर्यंत, मग दर ३ डेसिबलला वेळ निम्मा, हा कामगारांच्या कानांसाठीचा हिशोब आहे. त्याने १०० डेसिबलला जेमतेम १५ मिनिटं मिळतात. इस्लामपूर यायच्या आत ती संपतात.

एक धोक्याचं. घरातल्या किंवा गाडीच्या स्पीकर अ‍ॅम्पच्या तारा कापून त्याला हेडफोनची पिन जोडू नका. अशा बऱ्याच अ‍ॅम्पमध्ये डाव्या-उजव्याच्या दोन्ही तारा चालू असतात. हेडफोनच्या तीन कड्यांच्या पिनेत दोन्हीकडची उणे तार एकच होते. जोडलं की अ‍ॅम्प शॉर्ट. ४.४ मिलिमीटरच्या बॅलन्स्ड (डाव्या-उजव्याच्या तारा वेगळ्या असलेल्या) होलाला साध्या पिनेचा अडॅप्टर लावला तर तीच गत.

राहिल्या बिघाडाच्या तक्रारी. बेसच्या ठोक्याला एकाच कानात माशी गुणगुणल्यासारखी खरखर येते? गादी काढा, बॅटरीच्या उजेडात पडद्याची जाळी बघा. बहुतेक वेळा डोक्याचा एक केस जाळीतून आत जाऊन पडद्याला टेकलेला असतो. चिमट्याने हलकेच ओढा. पडद्याला बोट लावू नका आणि फुंकर मारू नका.

दुरुस्तीहून आलेल्या हेडफोनचा बेस गायब असेल तर एका वाटीतल्या दोन तारा उलट्या जोडल्या गेल्यात का ते बघा. तसं झालं असेल तर ठोका डोक्याच्या मधोमध न येता दोन्ही बाजूंना पसरलेला आणि पोकळ वाटतो. तारांवर इनॅमलचा थर असतो, तो जाळून किंवा खरवडून काढल्याशिवाय डाग (सोल्डर) धरत नाही, हेही कारागिराला आठवण करून द्या.

आणि गाणं वाजतंय, पण गायकही नाही आणि बेसही नाही, नुसता मागचा वाद्यमेळ लांबून आल्यासारखा? पिन अर्धवट घुसली आहे किंवा तिची दोन्ही कानांची एकच असलेली उणे तार तुटली आहे. मग दोन्ही कानांत डावं वजा उजवं एवढंच उरतं, आणि बेस व गळा हे दोन्हीकडे सारखेच भरलेले असतात, म्हणून एकमेकांना खातात. मोबाइलच्या जाड कव्हरमुळे हे फार होतं. कव्हर काढा, पिन टक् वाजेपर्यंत आत दाबा.