फुग्याच्या अंगावरचा कागद

बुधवार, रात्र

कात्रीच्या आधी तराजू. रविवारच्या पार्टीला काही फुगे हवेचे, काही हेलियमचे, आणि कागदकामाचा सगळा बेत या वाटणीवर ठरतो. हवेचा फुगा दोरीला टांगलेला असतो नाहीतर टेबलावर बसलेला. अंगावर किती कागद चढवला याचा तो हिशेब मागत नाही. हेलियमचा मागतो, तोही ग्रॅममध्ये.

एक लिटर हेलियम जेमतेम एक ग्रॅम उचलतो. नेहमीचा ११ इंची रबरी फुगा पुरता फुगवला की २८ सेंमी व्यासाचा होतो आणि त्यात १२ ते १४ लिटर वायू मावतो. म्हणजे उचलही तितकेच ग्रॅम. त्यातले तीनेक ग्रॅम रबर स्वतःच खातं. उरले नऊ ते अकरा. हिशेब नऊचाच धरावा. दीड मीटर बारीक रिबनीने एक-दोन ग्रॅम घेतले की कागदाच्या वाट्याला सात येतात. सातच्या सात खर्च केले तर फुगा वर जातो खरा, पण मरगळल्यासारखा. पंख्याची झुळूक आली की कलतो, आणि थोड्याच वेळात टेबलाच्या उंचीवर येऊन बसतो, कारण रबरातून हेलियम सतत झिरपत असतो. म्हणून लहान फुग्याला मर्यादा चार ग्रॅम. ९० सेंमीच्या मोठ्या फुग्याची जातच वेगळी. व्यास तिपटीहून थोडा जास्त, पण पोटातली जागा तीसपटीच्या वर, आणि उचल तीनशे ग्रॅमच्या पुढे. त्याला माळच्या माळ बांधली तरी चालते.

टिश्यू कागद (भेटवस्तू गुंडाळायचा, नाक पुसायचा नव्हे) साधारण १७ जीएसएमचा असतो, म्हणजे एक चौरस मीटर १७ ग्रॅम. ५० बाय ७० सेंमीचा एक ताव सहा ग्रॅम. २२० जीएसएमच्या कार्डशीटचा १० बाय १० सेंमीचा तुकडा मात्र २.२ ग्रॅम. तळहाताएवढी कार्डशीट टिश्यूच्या तिसरा हिस्सा तावापेक्षा जड पडते, हे डोळ्यांना पटत नाही. काट्याला पटतं. स्वयंपाकघरातला काटा एकदोन ग्रॅमचं वजन नीट दाखवत नाही, तेव्हा एकसारखे दहा नग एकदम ठेवून दहाने भागावं.

गुरुवार

गोंडे. सगळ्या कामात हेच खरं देखणं, आणि वेळखाऊही हेच.

ताव पसरून ७० सेंमीची लांबी निम्मी होईल अशी घडी घालायची. आता तो ५० बाय ३५. मग आडवी घडी, २५ बाय ३५. पहिल्या घडीची कड कुठली हे पेन्सिलीने टिंब देऊन ठेवावं, कारण चूक हमखास तिथेच होते: घडीच्या बाजूने कापलं की हातात सुट्या पट्ट्यांचा ढीग येतो. कापायचं ते मोकळ्या कडेकडून घडीकडे, एकेक सेंटीमीटर रुंदीच्या पट्ट्या, आणि घडीपाशी पाच सेंमी अखंड सोडायचे. ताव पूर्ण उलगडला की मधे दहा सेंमीचा अखंड पट्टा आणि दोन्ही बाजूंना झिरमिळ्या दिसतात. मधोमध कापून त्याचे दोन भाग करायचे. एका तावात दोन गोंडे, प्रत्येकी तीन ग्रॅम, प्रत्येकात पन्नास झिरमिळ्या.

पट्टी सहा मिलिमीटरच्या खाली गेली की झिरमिळ्या एकमेकींत अडकतात आणि सोडवताना तुटतात. दोन सेंमीच्या वर गेली तर गोंड्याऐवजी फाटका पडदा दिसतो. कात्रीची धार बोथट असेल तर ती टिश्यू कापत नाही, चावते, आणि ती चावलेली कड प्रत्येक झिरमिळीवर दिसते. धारेचं फिरकी कटर, खाली कटिंग मॅट आणि स्टीलची पट्टी असेल तर चारपाच ताव एकदम निघतात. त्याहून जास्त थर घेतले की खालचे सरकतात.

आता वळणं. अखंड पट्टा एका टोकापासून घट्ट गुंडाळत न्यायचा, झिरमिळ्या दोन्ही बाजूंना लोंबत्या ठेवून. तयार झालेल्या दहा सेंमीच्या दोरीला एकाच दिशेने पीळ द्यायचा. तीनचार वेढ्यांनंतर बोटांना ती ताठ लागते, आणखी दिला तर मधे तिची आपोआप गाठ पडू पाहते. त्या क्षणी थांबून दोरी मधून दुमडायची, की दोन्ही पदर स्वतःहूनच एकमेकांभोवती फिरतात आणि वर एक कडी उरते. कडी करंगळी जाईल एवढी ठेवावी. पीळ ढिला राहिला तर गोंडा रात्रभरात उकलतो. कितीही गोंद लावा, तो पिळाची जागा घेत नाही.

मानेला टिश्यूचीच दीड सेंमी रुंद पट्टी गुंडाळून शेवटी गोंदाचा एक ठिपका. पांढरा ओला गोंद जास्त झाला की टिश्यूचा लगदा होतो आणि गडद लाल-निळ्याचा रंग बोटांवर, बोटांवरून पांढऱ्या गोंड्यावर. ग्लू स्टिक बरी. घामट हातांसाठी शेजारी कोरडं फडकं, आणि रंगांचा क्रम फिक्याकडून गडदाकडे.

ताव चुरगळले असतील तर वाफेशिवाय, अगदी मंद इस्त्री, वर सुती कापड टाकून. पण करून झालेल्या गोंड्यावर इस्त्री नको, तावावरच. झालेले गोंडे खोक्यात दाबून न ठेवता कडीने दोरीवर टांगावेत.

शुक्रवार

कान, डोळे, टोप्या. इथे वजनापेक्षा फुग्याची गोलाई नडते.

सपाट कागद एका दिशेने वाकतो, दोन दिशांनी एकदम वाकत नाही. चार सेंमीचा गोल डोळा २८ सेंमीच्या फुग्यावर मधोमध टेकवला की कडेला दीड मिलिमीटरची फट राहते. ती कुणाला दिसत नाही. आठ सेंमीचा गोल टेकवला की फट होते सहा मिलिमीटरची, आणि डोळा ताटलीसारखा उभा राहतो. म्हणून मोठा आकार हवा असेल तर कडेपासून केंद्राकडे दोनतीन चिरा देऊन त्या किंचित एकमेकांवर चढवायच्या, म्हणजे कागदाला वाटीसारखा खोलगटपणा येतो. नाहीतर मोठा डोळा टिश्यूचा करायचा. टिश्यूला चुण्या पडतात, पण त्या दिसत नाहीत.

कान आठ सेंमी उंच, सहा रुंद, २२० जीएसएमच्या कार्डशीटचा. जोडी दोन ग्रॅमच्या जवळपास. कागदाला उभं-आडवं असतं: हलक्या हाताने दोन्ही दिशांनी वाकवून पाहावं, ज्या रेषेवर सहज वाकतो ती रेष म्हणजे त्याचा कल. कल कानाच्या उंचीला समांतर ठेवला तर कान ताठ राहतो. आडवा ठेवला तर तासाभरात मान टाकतो.

कानाची खालची कड सरळ ठेवू नये. फुगा जिथे येणार तिथे १४ सेंमी त्रिज्येचा आत गेलेला बाक. त्याखाली एक सेंमीचा जोड सोडून त्याला ७-८ मिलिमीटरच्या अंतराने चिरा द्यायच्या, आणि मग एक पाकळी पुढे, एक मागे, अशी आलटूनपालटून दुमडायची. असा कान फुग्यावर नुसता ठेवला तरी उभा राहतो. सगळ्या पाकळ्या एकाच बाजूला दुमडल्या तर तो त्या बाजूला झुकतोच.

टोपीचं गणित सोपं. अर्धवर्तुळ गुंडाळून शंकू केला की त्याच्या तळाचा व्यास अर्धवर्तुळाच्या त्रिज्येइतका होतो. तळ दहा सेंमीचा हवा, तर दहा सेंमी त्रिज्या, अधिक चिकटवायला एक सेंमी.

पाय फक्त हवेच्या फुग्याला. ३०० जीएसएमचा बदामासारखा तुकडा, १४-१५ सेंमी रुंद, एका बाजूने मध्यापर्यंत चीर आणि चिरेच्या टोकाला आठ मिलिमीटरचं भोक. फुग्याची मान चिरेतून आत सरकवून गाठ भोकाखाली बसवायची. भोक न करता नुसती चीर दिली की गाठ बाहेर सटकते आणि फुगा लोळतो.

शनिवार

क्रेप कागदाची झालर. पाकिटातल्या क्रेपच्या सुरकुत्या ज्या दिशेने धावतात, तिच्या काटकोनात तो ताणला जातो. पट्टी ६ सेंमी बाय ६० सेंमी, सुरकुत्या पट्टीच्या रुंदीत येतील अशी. एका कडेला मोठे धावते टाके घालून दोरा ओढायचा, दुसरी कड अंगठ्यांनी थोडी थोडी ताणायची. ती लाटेसारखी फिरते. ही फुग्याच्या मानेभोवती बांधायची, चिकटवायची नाही.

पारदर्शक फुग्यासाठी टिकल्या: आठदहा थर टिश्यू एकत्र धरून दोन सेंमीच्या पंचने पाडाव्यात. पडताना त्या चवडीने चिकटलेल्या असतात. हातात चोळून सुट्या करणं हे कंटाळवाणं काम टाळलं तर फुग्यात गठ्ठेच दिसतात. एका फुग्याला एक ग्रॅम पुष्कळ.

रविवार, सकाळ

फुगवण्याआधी लावायच्या फक्त टिकल्या, कागदाच्या नरसाळ्यातून. बाकी काहीही फुगवण्याआधी चिकटवू नये. रबर कित्येक पट ताणलं जातं, कागद नाही. तो एकतर फाटतो, नाहीतर फुग्याला वाकडा पाडतो.

टिकल्यांच्या फुग्यात तोंडाने हवा भरू नये. श्वासातल्या दमटपणाने टिकल्या तळाशी गोळा होऊन बसतात. पंपाने भरून फुगा केसांवर किंवा लोकरीच्या कापडावर घासला की स्थिर विजेने टिकल्या आतून सगळीकडे चिकटतात. हवा दमट असेल तर ही करामत होत नाही किंवा दहा मिनिटांत उतरते. हेलियम जास्त टिकावा म्हणून आतून लावायचा द्रव वापरला असेल तर टिकल्या त्यालाच डकतात, तेव्हा दोन्हींपैकी एकच.

हवेचे फुगे २६ सेंमीवरच थांबवावेत. पुठ्ठ्यात २६ सेंमीचं भोक कापून प्रत्येक फुगा त्यातून काढला की सगळे एका मापाचे. रबर थोडं सैल राहतं, आकार नासपतीसारखा न होता गोल राहतो, आणि कागदाचा कोपरा टोचला तरी सहसा फुटत नाही. हेलियमला ही काटकसर परवडत नाही. दोन सेंमी कमी केले की उचलीतले अडीचेक ग्रॅम गेले.

चिकटवायला ग्लू डॉट (गोंदाचे तयार चिकट ठिपके) किंवा डबल टेपचे लहान तुकडे. ग्लू गनच्या उष्णतेने फुगा फुटतो, आणि ज्या गोंदांना द्रावकाचा उग्र वास येतो ते रबर खातात, लगेच नाही तर अर्ध्या तासाने, अगदी फोटोच्या वेळी. डॉट कमीत कमी. कानाला दोन, डोळ्याला मधे एक. फुगा दिवसभर आक्रसत जातो. कडेकडेने चिकटवलेला कागद आक्रसत नाही, मग त्याला फुगवटे येतात. मधे एकाच जागी धरलेला कागद फुग्याबरोबर जातो.

गोंड्यांची माळ रिबनीवर १२ ते १५ सेंमीच्या अंतराने. कडीतून रिबन नुसती ओवली तर सगळे गोंडे घसरून खाली गोळा होतात, म्हणून प्रत्येक कडीत रिबनीचा एक फास. २८ सेंमीच्या फुग्याला एकच गोंडा. ९० सेंमीच्याला दहाबारा बिनधास्त. रिबनीचं खालचं टोक वजनाला बांधलेलं असावं. झिरमिळ्यांचा फुगा छताला लागला तर दिव्याशी खेळतो, खाली आला तर मेणबत्तीशी. केकपासून हाताभर नाही, दोन मीटर दूर. आणि हायड्रोजन भरलेला फुगा असेल तर तो पार्टीत आणूच नये, कागद लावलेला असो वा नसो.

रविवार, रात्र

उतरवताना कागद ओढू नये. डॉट रबराला ओढतो आणि फुगा कानाशी फुटतो. मान चिमटीत ताणून गाठीच्या वर, ताणलेल्या भागाला कात्रीचं टोक लावायचं. हवा सावकाश जाते, रबर आक्रसतं, आणि कागद आपोआप सुटा होतो. रबराचे तुकडे लगेच वेचावेत, लहान मुलं ते तोंडात घालतात आणि घशात अडकतात. गोंडे रिबनीवरून सोडवून, हलके झटकून, परत दोरीवर.