पैसे माझेच, पण वर्ष कोणतं?

२०२१ च्या ऑक्टोबरात एका शनिवारी सकाळी पत्रपेटीत पिझ्झाच्या जाहिरातींखाली एक पाकीट सापडलं. पाठवणारं कार्यालय झेइमुशो, म्हणजे जपानमधलं करकार्यालय. आत एक पत्र आणि एक प्रश्नावली होती. जानेवारी २०२० मध्ये भारतातून तुमच्या खात्यात जी रक्कम आली ती कोणी पाठवली, कशासाठी, ती कुठून उभी राहिली, परदेशात तुमची मालमत्ता आहे का, तिच्यापासून उत्पन्न येतं का. सगळं अतिशय नम्र जपानीत. पत्राचं नावही ‘ओताझुने’, म्हणजे विचारणा. पण माझ्या पोटात गोळा आला तो आलाच.

मी निशि-कासाईत राहते, टोकियोच्या एदोगावा वॉर्डात. इथे आपले लोक इतके आहेत की भाजीच्या दुकानात मराठी कानावर पडतं. कंपनीने ऑक्टोबर २०१८ मध्ये मला इकडे आणलं, नवरा आणि मुलगा वर्षाने आले. मुलाच्या शाळेची फी आणि मोठं घर भाड्याने घ्यायचा खर्च म्हणून मी जानेवारी २०२० मध्ये पुण्याच्या एनआरई खात्यातून, म्हणजे पैसे परदेशी नेता येणाऱ्या अनिवासी भारतीय खात्यातून, दहा लाख रुपये मागवले. त्या वेळच्या दराने सुमारे पंधरा लाख येन. इथे दहा लाख येनच्या वरची रक्कम परदेशातून आली की बँक करकार्यालयाला परस्पर कळवते, हे मला तेव्हा ठाऊकच नव्हतं.

आणि ठाऊक असतं तरी मी निर्धास्तच राहिले असते. कारण हे दहा लाख माझी जुनी बचत होती. जपानला यायच्या आधीच्या पगारातली, भारतात कर भरून उरलेली. ऑफिसातल्या दोघातिघांना विचारलं तेव्हा सगळ्यांनी हेच सांगितलं होतं, “बचतीवर कसला टॅक्स?” पुण्याहून दादा म्हणाला, “अगं, पैसे तुझे, कष्ट तुझे, तिकडच्या सरकारचा काय संबंध?”

संबंध होता. तो मला एका झेइरिशीने, म्हणजे इथल्या कर सल्लागाराने, समजावला. साठीच्या पुढचे गृहस्थ, औषधाच्या दुकानावर पहिल्या मजल्यावर त्यांचं छोटंसं ऑफिस. त्यांनी कोऱ्या कागदावर एक आडवी रेघ मारली, तिच्यावर २०१८ पासून पुढची वर्षं लिहिली आणि विचारलं, “२०२० मध्ये भारतात तुमच्या खात्यात काय काय जमा झालं?” मी म्हटलं, सिंहगड रोडच्या फ्लॅटचं भाडं महिना अठरा हजार आणि मुदत ठेवींचं वर्षाचं पंच्याऐंशी हजार व्याज. त्यांनी त्या दोन्ही आकड्यांभोवती लाल पेनाने गोल काढला आणि म्हणाले, “हे जपानमध्ये आलं.”

मला पटेना. आलेले पैसे तर वेगळ्याच ठेवीचे होते!

जपानचा नियम असा आहे. जपानी नागरिकत्व नसलेल्या आणि मागच्या दहा वर्षांत मिळून पाच वर्षं किंवा त्याहून कमी काळ इथे राहिलेल्या माणसाला करासाठी ‘हि-एइजुशा’ म्हणतात. शब्दशः कायमस्वरूपी नसलेला निवासी. त्याच्या जपानमधल्या उत्पन्नावर पूर्ण कर. परदेशातल्या उत्पन्नावर मात्र ते जपानमध्ये दिलं गेलं किंवा जपानमध्ये आणलं तरच. इथवर सगळ्यांना माहीत असतं. पुढचं माहीत नसतं. तुम्ही वर्षभरात बाहेरून जी रक्कम आणता ती त्या वर्षी तुम्हाला बाहेर मिळालेल्या उत्पन्नातूनच आधी आली असं कायदा धरून चालतो. प्रत्यक्षात ती कोणत्या खात्यातून निघाली, किती जुनी होती, याला किंमत नाही. मी २०२० मध्ये दहा लाख आणले. त्याच वर्षी भारतात मला भाडं आणि व्याज मिळून तीन लाख एक हजार मिळाले. म्हणजे ते तीन लाख पूर्ण इथे आल्यासारखे, आणि उरलेले सात लाख बचत म्हणून मोकळे.

गंमत म्हणजे हाच नियम उलटाही चालतो. २०१९ मध्येही भाडं येत होतंच, पण त्या वर्षी मी एक रुपया आणला नव्हता. म्हणून २०१९ च्या भाड्यावर इथे काही नाही, आणि ते पैसे नंतर आणले तरी त्यांच्यावर काही नाही, कारण हिशेब फक्त त्या त्या वर्षापुरता असतो. मी ती रेघ बघत बसले. प्रश्न कोणते पैसे हा नव्हताच. प्रश्न कोणत्या वर्षी हा होता.

मग हिशेब. हे काम मी तीन आठवडे रात्री मुलगा झोपल्यावर केलं. भारताचं वर्ष एप्रिल ते मार्च, जपानचं जानेवारी ते डिसेंबर, त्यामुळे भारतातले विवरणपत्राचे तयार आकडे कामाचे नाहीत. बँकेचं स्टेटमेंट काढून महिन्यामहिन्याचं भाडं वेगळं लिहायचं आणि ते टीटीएम दराने, म्हणजे बँकेच्या खरेदी-विक्रीच्या मधल्या दराने, येनमध्ये करायचं. भाड्यातून भारतात सरसकट तीस टक्के वजावट मिळते, ती इथे नाही. इथे खरा खर्च दाखवावा लागतो. सोसायटीचा मेंटेनन्स, महापालिकेचा मिळकतकर, शिवाय इमारतीचा घसारा. आरसीसी, म्हणजे सिमेंट-काँक्रीटच्या, निवासी इमारतीचं आयुष्य इथे ४७ वर्षं धरतात, म्हणजे वर्षाला दोन टक्क्यांच्या थोडं वर. दादाने मेंटेनन्सच्या पावत्यांचे फोटो व्हॉट्सॲपवर पाठवले, प्रत्येक पावतीवर मी मराठीच्या शेजारी जपानीत दोन शब्द लिहिले. व्याजाचा धक्का वेगळाच. एनआरई ठेवीचं व्याज भारतात करमुक्त, पण इथे तसं काही नाही, ते सरळ उत्पन्नात धरलं गेलं.

खर्च वजा जाता साधारण तीन लाख चाळीस हजार येन निघाले. पगारदार माणसाचं पगाराबाहेरचं उत्पन्न वर्षाला दोन लाख येनच्या आत असेल तर आयकराचं विवरणपत्र भरावं लागत नाही. मी त्या रेषेच्या वर गेले होते. (आत असलात तरी वॉर्ड ऑफिसला, म्हणजे कुयाकुशोला, स्थानिक रहिवासी करासाठी ते सांगावंच लागतं. हे अनेक जण विसरतात.) माझ्या उत्पन्नाच्या टप्प्यावर आयकर सुमारे ६९ हजार येन, आणि जुमिनझेइ, म्हणजे रहिवासी कर, दहा टक्क्यांनी आणखी ३४ हजार. भारतात भरलेला कर इथे वजा मिळतो, पण भारतातलं माझं करपात्र उत्पन्न मर्यादेखाली असल्याने कापलेला टीडीएस, म्हणजे रक्कम देतानाच कापून घेतलेला कर, मी परत मिळवला होता. वजा करायला काही उरलंच नव्हतं.

उशिरा भरल्याचा दंड मात्र पडला नाही. तपासणी सुरू होण्याआधी स्वतःहून भरलं तर तो पाच टक्के असतो, आणि ती रक्कम पाच हजार येनपेक्षा कमी भरली तर आकारत नाहीत. विलंबाचं व्याजही हजार येनच्या आत राहिलं, म्हणून तेही सुटलं. पत्र आलं तेव्हा मी चार रात्री झोपले नव्हते. आज कोणाला असं पत्र आलं तर मी आधी हेच सांगते, की ती विचारणा आहे, वेळेत आणि खरं उत्तर द्या, लपवू नका.

विवरणपत्राबरोबर हि-एइजुशांना एक जास्तीचा फॉर्म जोडावा लागतो. त्यात मागच्या दहा वर्षांत तुम्ही जपानमध्ये कधी आलात आणि कधी गेलात ते लिहायचं असतं. मी ऑक्टोबर २०१८ लिहिलं आणि फॉर्म पुढे सरकवला. झेइरिशींनी विचारलं, “त्याआधी कधी?” तेव्हा मला २०१५ आठवलं. जुन्या कंपनीने मला ऑनसाइट म्हणून कावासाकीला पाठवलं होतं. घरी जाऊन जुना, कोपरा कापलेला पासपोर्ट शोधला. अठराव्या पानावर नारिताचा शिक्का, १० फेब्रुवारी. निघतानाचा १२ सप्टेंबर. सात महिने आणि दोन दिवस. तेही पाच वर्षांत मोजले जातात. म्हणजे माझी मुदत ऑक्टोबर २०२३ ला नाही, मार्च २०२३ च्या पहिल्या आठवड्यातच संपणार होती. त्यानंतर जगात कुठेही मिळालेलं उत्पन्न, आणा किंवा आणू नका, जपानमध्ये करपात्र. व्हिसा कोणता आहे याचा इथे संबंध नाही. कायम वास्तव्याचा परवाना नसला तरी पाच वर्षं भरली की करासाठी तुम्ही कायम निवासी होता.

हे तेव्हा कळलं म्हणून पुढचा भुर्दंड टळला. कारण आम्ही तोवर इथेच घर घ्यायचं ठरवलं होतं आणि पुण्याचा फ्लॅट विकायचा होता. कायम परवाना नसलेल्यांकडून काही बँका आगाऊ रक्कम जास्त मागतात, ती फ्लॅटमधूनच उभी राहणार होती.

फ्लॅट २००९ साली २४ लाखांना घेतलेला, २०२२ मध्ये गिऱ्हाईक ६२ लाखांना तयार. भारतात तेव्हा महागाई निर्देशांकाने खरेदीची किंमत वाढवून मिळायची. १४८ चा निर्देशांक ३३१ झाला होता, त्यामुळे करपात्र नफा आठ लाखांच्या थोडा वर आणि कर पावणेदोन लाखांच्या आसपास. (२३ जुलै २०२४ पासून भारतात दर साडेबारा टक्के झाला आणि अनिवासींना निर्देशांकाचा लाभ राहिला नाही, तेव्हा आता विकणाऱ्यांनी हा हिशेब घेऊ नये.) जपानमध्ये निर्देशांक नाही. उलट वर्षानुवर्षांचा घसारा खरेदीच्या किमतीतून वजा होतो, म्हणून नफा आणखी फुगतो, आणि पाच वर्षांहून जुन्या मालमत्तेवर दर २०.३१५ टक्के. भारतातला कर वजा जाऊनही सहा लाख रुपयांच्या आसपास इथे जादा गेले असते.

झेइरिशींचा सल्ला दोन वाक्यांचा होता. खरेदीखत आणि सगळी रक्कम मार्च २०२३ च्या आधी, शक्यतो डिसेंबर २०२२ च्या आत व्हायला हवी. आणि २०२२ या पूर्ण वर्षात भारतातून जपानमध्ये काहीही आणू नका. काहीही म्हणजे काहीही. बँकेतून पाठवलेलं तर नाहीच, पण रोख नोटा नाहीत, आणि पुण्याच्या खात्यातून पैसे जाणाऱ्या कार्डाने इथे केलेली खरेदीही नाही, कारण तेही आणल्यासारखंच धरतात. त्या संध्याकाळी मी भारतातली दोन्ही कार्डं एका लिफाफ्यात घालून लिफाफा चिकटवला आणि वर ‘२०२३’ लिहिलं.

कुदानच्या भारतीय वकिलातीत दादाच्या नावे मुखत्यारपत्र केलं. अनिवासी विक्रेत्याच्या बाबतीत खरेदीदाराला मोठा टीडीएस कापावा लागतो, तो कमी व्हावा म्हणून फॉर्म १३ भरून दाखला मिळवला. त्यात महिने गेले. दिवाळीत ठरलेलं खरेदीखत गिऱ्हाइकाच्या कर्जामुळे पुढे गेलं, मग आणखी पुढे. दादाला मी रोज फोन करायचे. तो वैतागून म्हणाला, “चार दिवस इकडे तिकडे झाले तर काय बिघडतं गं?” मी त्याला त्या आडव्या रेघेचा फोटो पाठवला. शेवटी १९ डिसेंबरला नोंदणी झाली आणि त्याच दिवशी उरलेली रक्कम एनआरओ खात्यात, म्हणजे अनिवासींच्या भारतातल्या उत्पन्नासाठीच्या खात्यात, जमा झाली. दादाने सह्या झाल्यावर सब-रजिस्ट्रार कार्यालयाच्या पायरीवरून फोन केला. मी जेवणाच्या सुट्टीत कंपनीच्या जिन्यात उभी होते, आणि तेरा वर्षांचं घर गेलं याचं वाईट तेव्हा वाटलं, त्याआधी वेळच नव्हता.

फेब्रुवारी २०२३ मध्ये पैसे परदेशी पाठवण्यासाठी सीएकडून कराचा दाखला (१५सीबी), मग माझं घोषणापत्र (१५सीए), मग बँकेचे फॉर्म असं करत चाळीस लाख रुपये इकडे आले. ते २०२२ च्या नफ्याचे, त्यामुळे २०२३ च्या हिशेबात त्यांच्यावर कर नाही. जानेवारीत आलेलं ठेवीचं थोडं व्याज मात्र नियमाप्रमाणे आणल्यासारखं झालं, ते दाखवलं.

विचारणेचं पत्र पुन्हा आलं, त्याच नम्र भाषेत. या वेळी फाइल तयार होती. खरेदीखताची प्रत, एनआरओचं स्टेटमेंट, १५सीबी, आणि वर तारखांचा एक तक्ता. चौथ्या दिवशी उत्तर पोस्टात टाकलं. नंतर काही आलं नाही.

आता मी पूर्ण करपात्र आहे. ३१ मार्च २०२३ ला एनआरओ बचत खात्यात १,९०० रुपये व्याज जमा झालं, ते सगळं तिथेच पडून आहे, तरी पुढच्या फेब्रुवारीत विवरणपत्रात ते येनमध्ये लिहिलं, त्या दिवसाच्या टीटीएम दराने.