रायवळ आंब्याचं झाड जपायचं तर कलमच करा

नाशिक जिल्ह्यातल्या पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वरच्या बांधांवर उभा असलेला प्रत्येक रायवळ, म्हणजे कोयीपासून वाढलेला गावठी आंबा वेगळा आहे. कोयीत दोन झाडांचा संकर असतो, त्यामुळे आवडत्या आंब्याची कोय लावली तरी तोच आंबा मिळत नाही. हापूस मात्र सगळीकडे कलमांनीच पसरलेला. त्यातला साका (गरात होणारा पांढरट, स्पंजासारखा दोष) घालवायला नीलमशी संकर करून 1981 साली वेंगुर्ल्याहून 'रत्ना' आणला गेला. असा एखादा गुण हवा असला की दुसऱ्या झाडाकडेच जावं लागतं, म्हणून बांधावरचं झाड तोडलेलं बघवत नाही.

झाड वाचवायचं तर पावसाळ्यात कोय कलम करा, म्हणजे कोयीच्या कोवळ्या रोपावर त्या झाडाची काडी जोडा. कोयी ताज्याच रुजवा, वाळल्या की उगवत नाहीत. रोप 10-15 दिवसांचं, पानं अजून तांबूस असतानाच घ्या. हिरवं झालं की खोड निबर होतं आणि जोड धरत नाही. काडी फळणाऱ्या फांदीची, 3-4 महिन्यांची, पेन्सिलीएवढी. आठ-दहा दिवस आधी तिची पानं देठ ठेवून छाटा, म्हणजे डोळे फुगतात. रोप 6-7 सेंमीवर कापून 3-4 सेंमी उभी खाच द्या, काडीला तेवढीच पाचर काढून ती खाचेत बसवा. जाडी जुळली नाही तर निदान एका बाजूची साल सालीला भिडलीच पाहिजे. प्लास्टिकची पट्टी घट्ट बांधा. बहुतेक कलमं इथंच जातात: पट्टी सैल, पाणी आत, जोड काळा. जोडाखालून फुटलेले कोंब लगेच खुडा, आणि मूळ झाडाचं नाव-गाव लिहिलेली चिठ्ठी पिशवीला आजच बांधा.