तुम्ही विचारलंत म्हणून: जुन्या धाटणीचा नवा बूमबॉक्स घ्यावा का?

जुने टेपरेकॉर्डर जमवतो, उघडतो, दुरुस्त करतो, हे कळलं की बहुतेकजण एकच गोष्ट विचारतात. ऐंशीच्या दशकातल्यासारखे दिसणारे बूमबॉक्स, म्हणजे हँडल धरून न्यायचे मोठ्या स्पीकरचे टेपरेकॉर्डर, हल्ली पुन्हा निघालेत, ते संग्रहात घ्यावेत का?

संग्रहासाठी घेऊ नका. घरात गाणं वाजायला हवंय, जुन्या यंत्राच्या दुरुस्तीत पडायचं नाही, एवढंच असेल तर खुशाल घ्या.

दिसायला हे नवे डबे खरंच देखणे आहेत. ब्रिटिश जीपीओ कंपनीचा ब्रुकलिन घ्या, नाहीतर वी आर रिवाइंड या फ्रेंच कंपनीने 2025 मध्ये आणलेला मोठा बूमबॉक्स घ्या. दोन्हीकडे मोठाले स्पीकर, मधे कॅसेटचं दार, वर भक्कम हँडल. ब्लूटूथवर गाणं लावलं तर चाळीच्या दुसऱ्या टोकाला ऐकू जाईल. माझा आक्षेप आहे तो कॅसेटच्या दाराआड जे बसवलेलं असतं त्याला.

आज बाजारात येणाऱ्या बहुतेक कॅसेट यंत्रांमध्ये टानाशिन या जपानी कंपनीच्या एका साध्या, स्वस्त मेकॅनिझमची चिनी नक्कल असते. कॅसेटची टेप, तिच्यावरचा आवाज वाचणाऱ्या हेडवरून सेकंदाला 4.76 सेंटिमीटर या वेगाने सरकली पाहिजे आणि तो वेग जराही हलता कामा नये. वेग स्थिर ठेवायचं काम फ्लायव्हीलचं. जुन्या चांगल्या यंत्रात हे चाक हाताला जड लागतं. नव्या स्वस्त मेकॅनिझममध्ये ते लहान आणि हलकं असतं. फरक ऐकायचा असेल तर विलंबित ख्यालाची कॅसेट लावा. ठेक्याच्या गाण्यात एकवेळ लपून जाईल, पण तानपुऱ्याचा षड्ज लपू देत नाही. गवयाने लावलेला स्थिर सा थरथरायला लागतो. गाण्यावर जीव असलेल्या माणसाला हे पाच मिनिटंसुद्धा सहन होत नाही.

डॉल्बीचंही तेच. नॉइज रिडक्शनच्या, म्हणजे टेपची सू-सू कमी करणाऱ्या त्या चिप्स आता बनत नाहीत, त्यामुळे नव्या यंत्रांत ती सोय जवळजवळ नसतेच. स्वस्तातल्या काही यंत्रांत तर स्पीकर दोन आणि कॅसेटचं हेड मोनो, म्हणजे दोन्हीकडून एकच आवाज. दुकानात ऐकताना डाव्या-उजव्या स्पीकरला आळीपाळीने कान लावून बघा.

याउलट 1981 चा जेव्हीसी आरसी-एम 90 बघा. एलएल कूल जे या रॅपरच्या 1985 मधल्या पहिल्या अल्बमच्या मुखपृष्ठावर हाच डबा आहे, म्हणून जगभर त्याच्या किमती चढलेल्या असतात. पण मला तो आवडतो त्याच्या आतल्या कामासाठी. हलक्या स्पर्शाने चालणारी बटणं, मेटल टेपवर (वरच्या दर्जाच्या कॅसेटवर) रेकॉर्डिंग, कंपनीची स्वतःची नॉइज रिडक्शन. त्या काळी जेव्हीसी, शार्प, सोनी, सान्यो, नॅशनल पॅनासॉनिक यांची एकमेकांशी चुरस होती. खांद्यावर घेऊन फिरायच्या वस्तूत घरातल्या कॅसेट डेकच्या तोडीचं काम घालायची त्यांची तयारी होती. नव्या कंपन्यांनी त्यातला फक्त चेहरा उचलला, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

आणखी एक. जुनं यंत्र उघडता येतं. चाळीस वर्षं पडून असलेला टू-इन-वन (रेडिओ आणि टेप एकत्र) उघडला की बहुतेक वेळा आतला रबरी बेल्ट वितळून डांबरासारखा झालेला असतो. पुलीच्या खाचेत बसतो, बोटांना लागला की साबणाने जात नाही. कापसाच्या बोळ्याने स्पिरिट लावून खाच चकचकीत होईपर्यंत पुसायची, मापाचा नवा बेल्ट चढवायचा, हेड आणि टेप दाबून ओढणारा पिंच रोलर साफ करायचा. एवढ्यावर बरीच यंत्रं पुन्हा गायला लागतात. नामांकित मॉडेलचं सर्किट सर्व्हिस मॅन्युअलमध्ये सापडतं आणि मोठे सेल आजही कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतात. नव्या डब्यात सगळा कारभार एका छोट्या बोर्डावर. ते गेलं आणि कंपनीने दुसरं दिलं नाही, तर हातात उरतो नुसता डबा.

जुना घेणार असाल तर बाहेरून मागवण्यापूर्वी मागची बाजू बघा. फक्त जपानसाठी बनवलेलं मॉडेल 100 व्होल्टवर चालतं, आपल्या 230 व्होल्टच्या प्लगमध्ये थेट लावलं तर जळेल. शिवाय जुन्या जपानी सेटचा एफएम पट्टा 76 ते 90 मेगाहर्ट्‌झचा, आणि पुण्याची विविध भारती 101 वर, त्यामुळे ती त्यावर लागायचीच नाही. निर्यातीसाठी बनवलेल्या बऱ्याच मॉडेलना मागे व्होल्टेज बदलायची खिटी असते, ती शोधा. आणि परदेशात शोधण्याआधी नातेवाइकांकडे विचारा. रत्नागिरी-चिपळूणकडे आखातातून आणलेले टू-इन-वन कितीतरी घरांच्या माळ्यावर अजून पडून आहेत, आणि त्यातले बरेच 220 व्होल्टचे असतात.

कुणी म्हणतं, संग्रह वगैरे काही नाही, फक्त आजीच्या आवाजातल्या ओव्यांची कॅसेट ऐकायचीय, त्यासाठी नवा घेऊ का? तर ती कॅसेट नव्या यंत्रात पहिल्यांदा घालू नका. टेप यंत्रात गुंतली तर दुसरी प्रत कुठून आणणार? सर्व्हिस केलेला डेक ज्याच्याकडे आहे अशा माणसाकडून आधी ती संगणकावर उतरवून घ्या. आणि त्याच्याकडे नेण्याआधी कॅसेटच्या मागच्या कडेवरच्या दोन्ही प्लास्टिकच्या टिकल्या तोडून टाका, म्हणजे कुणी चुकून रेकॉर्डचं बटण दाबायला गेलं तरी ते दाबलं जाणार नाही.