उलट बाजू नसलेली गोधडी

एका ग्राहक बाईंनी ६० बाय ७२ इंचांची गोधडी सांगितली तेव्हा त्यांची अट एकच होती : ती दोन्ही बाजूंनी अंथरता आली पाहिजे. एवढ्या मोठ्या गोधडीची गुंडाळी घरगुती मशीनमधून सरकवणे ही शिवणापेक्षा कुस्तीच अधिक, म्हणून मी क्विल्ट-ॲज-यू-गो ही पद्धत निवडली. तिच्यात प्रत्येक चौकोनाचे वरचे कापड, मधला कापसाचा थर आणि खालचे कापड आधीच एकत्र टिपून घेतात आणि असे तयार चौकोन शेवटी पट्ट्यांनी जोडतात. टिपांमुळे कापड आक्रसते. त्यामुळे १३ इंचांवर कापून टिपलेले ३० चौकोन मी काटकोन सांभाळत १२ इंचांवर छाटले होते. एका बाजूला चांदण्या होत्या, दुसऱ्या बाजूला पक्ष्यांचे छापील कापड.

जोडणीचे गणित सुतांत मांडले की सोपे जाते. चांदण्यांच्या बाजूला आठ सुतांची, म्हणजे १ इंचाची एकेरी पट्टी लागते. पक्ष्यांच्या बाजूला १¾ इंचाची पट्टी लांबीत दुमडून सात सुतांची करायची. दोन्ही पट्ट्या पहिल्या चौकोनाच्या कडेला, एक वरून आणि एक खालून ठेवून, दोन सुतांवर एकच टीप मारायची आणि मग वरच्या पट्टीची मोकळी कड पुढच्या चौकोनाला जोडायची. वरची पट्टी आता चार सूत दिसते आणि तिच्या आत दोन्ही चौकोनांच्या दोन-दोन सुतांच्या कडा एकमेकींना भिडतात. पोकळी राहत नाही आणि जाडही होत नाही. म्हणूनच १२ इंचांचे पाच चौकोन जोडल्यावर रुंदी पूर्ण ६० इंच भरते. खालच्या दुमडलेल्या पट्टीचे पाच सूत उरतात. ती दोन टिपांमधले चार सुतांचे अंतर ओलांडून पलीकडची टीप झाकते आणि तिथे हाताने लपते टाके घालून ती बसवायची. ते एक जादा सूत नसेल तर टीप उघडी पडते, आणि अशा गोधडीत ती लपवायला उलट बाजूच नसते.

सहाव्या ओळीची जोडणी संपवून शेवटची पट्टी बसवण्यासाठी मी गोधडी टेबलावर उलथली, तेव्हा चौथ्या ओळीतला एक चौकोन डोळ्यांत खुपला. त्यातले सगळे पक्षी पाय वर करून होते. चांदणी कोणत्याही बाजूने फिरवली तरी सारखीच दिसते आणि मी मांडणी करताना फक्त चांदण्याच पाहिल्या होत्या. पक्ष्यांची दिशा तपासायचे मला सुचलेच नव्हते, हे कबूल करायला अजूनही जड जाते.

तो चौकोन तसाच सोडावा, असे क्षणभर मनात आले. मग सीम रिपर, म्हणजे टीप उसवायचे छोटे हत्यार, घेतला. डाव्या कडेचे हातटाके आधी काढले आणि नंतर त्याखालची मशीनची टीप. उजव्या कडेला दोन्ही पट्ट्या एकाच टिपेत अडकलेल्या असल्याने तिथे एकदाच उसवावे लागले. वरच्या आणि खालच्या लांब पट्ट्या कोपऱ्यांच्या पुढे इंचभर मोकळ्या केल्या, तेव्हा कुठे चौकोन सुटून हातात आला आणि गोधडीच्या मधोमध खिडकी उघडली.

त्या बंदिस्त चौकटीत मशीनने परत शिवणे शक्य होते, पण कोपऱ्यांवर पट्ट्यांना चुण्या पडल्या असत्या. चौकोन अर्धा फेरा फिरवून टाचण्यांनी बसवला, वरच्या पट्ट्यांच्या कडा जुन्या इस्त्रीच्या घडीवर दोन सूत आत दुमडल्या आणि चारही कडा आधी चांदण्यांच्या बाजूने, मग पक्ष्यांच्या बाजूने हातानेच शिवल्या. दुपारी हातात घेतलेले हे काम दिवे लागून बराच वेळ झाला तरी चालूच होते.

गोधडी देताना ही दुरुस्ती मी स्वतःहून सांगितली. बाईंनी ती दोन-तीनदा उलटसुलट करून पाहिली आणि खात्रीने दुसऱ्या ओळीतल्या एका चौकोनावर बोट ठेवले.